टीव्हीचं गिऱ्हाईक कोण?

माझी आत्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात राहते. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात मी पुण्यात टीव्हीसमोर बसून तिच्या गावाच्या वाटा शोधत होते. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फुटांची आणि धोक्याची ४३ फुटांची. पाणी त्या दोन्ही खुणा मागे टाकून ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग बंद झाला. आत्याचा फोन कधी लागायचा, कधी नाही. मला तीनचार साध्या गोष्टी कळायला हव्या होत्या. कोयनेतून आत्ता किती विसर्ग चालू आहे, अलमट्टीतून किती सोडताहेत, शिरोळकडे जाणारे कोणते पूल बंद आहेत, आणि गावातल्या लोकांना हलवलंच तर कोणत्या शाळेत नेणार आहेत.

हिंदी आणि इंग्रजी वृत्तवाहिन्यांवर ५ ऑगस्टपासून काश्मीर होतं, ते समजण्यासारखं आहे. मराठी वाहिन्यांनी मात्र पूर दाखवला. त्यांचे वार्ताहर कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, हे मी विसरणार नाही. पण पडद्यावर जे फिरत होतं ते असं: तीच बोट, तीच रडणारी बाई, मग नेत्यांचा दौरा, मग दोष कुणाचा यावर चौघांचा आरडाओरडा, मग जाहिराती. आणि पुन्हा तीच बोट. मला हवी असलेली यादी कुणीही वाचून दाखवली नाही. ती शेवटी आली माझ्या आत्तेभावाच्या फोनवरून. जिल्हा प्रशासनाच्या एका कागदाचा वाकडातिकडा काढलेला फोटो होता तो.

ती यादी का वाचली गेली नाही, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. वार्ताहर आळशी नव्हते, संपादकांना काळजी नव्हती असंही नाही. पण पूल क्रमांक, गावांची नावं, क्युसेकचे आकडे असं दहा मिनिटं वाचत बसलं तर नागपूरचा, ठाण्याचा, नाशिकचा प्रेक्षक चॅनल बदलतो. प्रेक्षकसंख्या मोजणारी यंत्रणा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजार धरते. त्या बाजारात शिरोळ तालुका म्हणजे कोपऱ्यातला एक ठिपका. त्याला जीव वाचवायला लागणारी माहिती बाकीच्या सगळ्या बाजाराला कंटाळवाणी वाटते, आणि कंटाळलेल्या प्रेक्षकासमोर लावलेल्या जाहिरातीला दर मिळत नाही.

म्हणून टीव्ही सरकारी पैशानं चालावा की जाहिरातींवर, हा प्रश्न मला हिशेबाचा वाटत नाही. पैसा कुठून तरी येणारच. वाहिनीचं गिऱ्हाईक कोण आहे, हा खरा प्रश्न आहे. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीचं गिऱ्हाईक म्हणजे जाहिरातदार. दहा सेकंदांच्या जागेचा दर ठरतो आणि त्या जागेसमोर किती माणसं बसली आहेत यावर तो वरखाली होतो. म्हणजे वाहिनी विकते ती तुमची-माझी संध्याकाळ, आणि मालिका किंवा बातमी ही आपल्याला जागेवर बसवून ठेवायची सोय. यात कुणी दुष्ट असावा लागत नाही. उत्तम माणसं घेतली तरी ही रचना त्यांना तिकडेच ओढत नेते.

आणि ती माणसं मोजायची कशी, हेही पाहू. २०२० साली देशभरात सुमारे ४४ हजार घरांत मोजणीची यंत्रं बसवलेली होती. टीव्ही असलेली घरं तेव्हा एकवीस कोटींच्या घरात होती. शास्त्रशुद्ध नमुना म्हणून हे चालू शकतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जिथे मूठभर घरांवर कोट्यवधी रुपये अवलंबून असतात तिथे ती घरं शोधून काढायचा मोह होणारच. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी फुगवल्याचा आरोप करत गुन्हा नोंदवला. त्या खटल्याचं पुढे जे झालं ते झालं, मी इथे कुणाला दोषी ठरवत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. त्यानंतर बार्क या मोजणी करणाऱ्या संस्थेनं वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणं थांबवलं, ते मार्च २०२२ पर्यंत. जवळजवळ दीड वर्ष देशातल्या वृत्तवाहिन्यांना साप्ताहिक गुणपत्रिकाच नव्हती. तरीही पडद्यावरचा आरडाओरडा कमी झाला नाही. सवय हाडात भिनली होती.

खासगी वाहिन्यांनी मराठीला काहीच दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. १९९९ साली पहिली मोठी खासगी मराठी वाहिनी आली, त्यानंतर शेकडो नट, लेखक, प्रकाशयोजनाकार, वेशभूषाकार यांना बारमाही काम मिळालं. नाटकाच्या तिकिटावर घर चालत नाही, मालिकेवर चालतं. कोल्हापूर-साताऱ्याकडे चित्रीकरणं गेली, तिथली बोली मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात ऐकू येऊ लागली. हे बाजारानं केलं, आणि चांगलं केलं. पण त्याच बाजारानं गोष्ट संपवायची ताकद लेखकाकडून काढून घेतली. आकडे चांगले असतील तोवर मेलेलं पात्र जिवंत होतं, आकडे पडले की जिवंत कथा आठवड्यात गुंडाळली जाते. आणि काही विषय तर त्या बाजारात येतच नाहीत. ऊसतोड कामगाराचं पोर, बीड-परभणीची आशाताई, पेणचा गणपती घडवणारा, मेळघाटातली शाळा. ही माणसं साबण आणि गाड्या फारशी विकत घेत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कुणी कार्यक्रम विकत घेत नाही. बातमीत ती येतात, पण मेल्यावर किंवा मोर्चा काढल्यावर.

लहान मुलांचं तर विचारूच नका. मराठी घरातल्या, मराठी शाळेतल्या मुलाला समोर ठेवून लिहिलेला रोजचा कार्यक्रम आज शोधून सापडत नाही. आमच्या घरातली पोरं जपानी आणि हिंदी कार्टून हिंदीत बघतात आणि 'मेरेको' म्हणत जेवायला येतात. मुंबई दूरदर्शनवर 'किलबिल' होता तेव्हा आमच्या चाळीत त्यावर भांडणं व्हायची. आठवणींचा उमाळा म्हणून हे सांगत नाही. त्या कार्यक्रमाला जाहिरातदाराची परवानगी लागत नव्हती, एवढंच त्याच्या असण्याचं कारण होतं.

जाहिरातीवरचा टीव्ही फुकट असतो, या समजुतीबद्दलही थोडं. पहिली गोष्ट, जाहिरातीचा खर्च कंपनी खिशातून करत नाही. साबणाच्या वडीत, चहाच्या पुड्यात तो असतोच, आणि ज्याच्या घरी टीव्ही नाही तोही तो भरतो. दुसरी गोष्ट, आपण केबलचं किंवा डिशचं बिल भरतो, त्यावर १८ टक्के जीएसटी भरतो, आणि पैसे मोजून घेतलेल्या वाहिनीवरही जाहिराती बघतो. नियम आहे की तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत, त्यातली दहा मिनिटं व्यापारी आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या. ट्राय या दूरसंचार-प्रसारण नियामक संस्थेनं २०१२-१३ मध्ये तो कडक करायचं ठरवलं, तेव्हा वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलं. घड्याळ लावून एक संध्याकाळ बसा, उत्तर तुमचं तुम्हाला मिळेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच चर्चेत येत नाही. खासगी वाहिनी सरकारपासून मोकळी असते असं आपण धरून चालतो. पण वृत्तवाहिन्यांच्या मोठ्या जाहिरातदारांत केंद्र सरकार आहे, प्रत्येक राज्य सरकार आहे. योजनांच्या जाहिराती, वर्षपूर्तीच्या जाहिराती, निवडणुका जवळ आल्या की वाढणाऱ्या जाहिराती. तो पैसा करदात्यांचाच आहे. फरक इतकाच की तो कुणाला किती द्यायचा हे सत्तेवरचा माणूस ठरवतो आणि त्याची चर्चा विधानसभेत क्वचितच होते. म्हणजे सार्वजनिक पैशानं चालणारा टीव्ही आपल्याकडे भरपूर आहे. त्यावर सार्वजनिक हक्क तेवढा नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे सरकारी पैशावरच्या टीव्हीकडे येते. मी सार्वजनिक पैशाच्या बाजूची, आणि इथे माझ्या मताच्या लोकांनी मान खाली घालावी असं बरंच आहे.

भारतात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत, प्रयोग म्हणून. त्या पहिल्या निर्मात्यांत पु. ल. देशपांडे होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला आलं. तेव्हा टीव्ही घरात ठेवायला परवाना लागायचा. वडिलांचं ते परवान्याचं पुस्तक आमच्या कपाटात अजून आहे. वर्षाला पन्नास रुपये, पोस्टात जाऊन भरायचे, शिक्का मारून घ्यायचा. म्हणजे आपल्याकडेही प्रेक्षकानं टीव्हीसाठी थेट पैसे देण्याची रीत होती. पण दूरदर्शन हे सरकारचं एक खातंच होतं, त्यामुळे ते पैसे प्रेक्षकाचे न राहता तिजोरीचे झाले. माझ्या वडिलांना पन्नास रुपयांच्या बदल्यात दूरदर्शनला जाब विचारायचा कसलाच अधिकार मिळाला नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर परवाना रद्द झाला आणि कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही.

त्याआधीच, १ जानेवारी १९७६ पासून, दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या होत्या. ते आणीबाणीचं वर्ष होतं, आणि मला ही जोडी फार बोलकी वाटते: एका हातानं सरकारनं बातमीचा गळा धरला, दुसऱ्या हातानं जाहिरातदाराला दार उघडलं. त्याच सुमारास, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६, अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचवण्याचा 'साइट' हा प्रयोग चालू होता. एकाच वेळी टीव्हीच्या दोन वाटा समोर होत्या. उपग्रहाची मुदत संपली, ती वाट अरुंद होत गेली. प्रायोजकांची वाट रुंद झाली. १९८४ च्या 'हम लोग'पासून मालिका प्रायोजकाच्या पैशानं येऊ लागल्या, आणि संध्याकाळचा मोक्याचा वेळ कुणाचा हे ठरून गेलं.

दूरदर्शनचं दुखणं हेच आहे. सरकारच्या पैशाबरोबर येणारी लाचारी आणि जाहिरातीच्या पैशाबरोबर येणारी लाचारी, दोन्ही त्याच्या वाट्याला आल्या. बीबीसीसारखं स्वातंत्र्य मिळालं नाही, आणि खासगी वाहिनीसारखी चपळाईही नाही. आज त्याच्या उत्पन्नाचा एक ठळक मार्ग कोणता? डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची महिन्याचं बिल नसलेली छत्रीसेवा, तिच्यावरच्या जागांचा लिलाव. खासगी वाहिन्या बोली लावून त्या जागा घेतात. म्हणजे सार्वजनिक प्रसारक आपलं पोट भरण्यासाठी, ज्यांच्याहून वेगळं काही द्यायला तो जन्मला, त्यांनाच गरिबाच्या घरात नेऊन सोडतो.

सरकारी ताब्याचे दाखले कुठल्याही एका पक्षाकडे बोट दाखवून थांबत नाहीत. १९७७ च्या फेब्रुवारीत दिल्लीत जयप्रकाशांची सभा होती, तेव्हा लोकांना घरी बसवायला दूरदर्शननं त्या वेळचा गाजलेला हिंदी सिनेमा लावल्याचं तेव्हाचे पत्रकार सांगत आले आहेत. २०१७ च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं भाषण बदल केल्याशिवाय प्रसारित करायला नकार मिळाला. चाळीस वर्षांचं अंतर आणि वेगळे पक्ष, पण हात घालायची जागा तीच. १९७८ साली वर्गीस समितीनं 'आकाश भारती' नावाच्या स्वायत्त न्यासाची शिफारस केली होती. १९९० मध्ये दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारती या महामंडळाचा कायदा झाला, आणि तो अमलात यायला १९९७ उजाडलं. त्या कायद्यात बावीस खासदारांची देखरेख समिती आहे, प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद आहे. दोन्ही कागदावर राहिल्या. पैसा मात्र मंत्रालयातून अनुदान म्हणून येतो, पगारासाठीसुद्धा. २०१८ साली प्रसार भारतीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच जाहीरपणे तक्रार केली की मंत्रालयानं पगाराचा पैसा अडवला आहे. ज्याचा पगार मंत्र्याच्या सहीवर, त्याची बातमी मंत्र्याच्या बातमीनं सुरू होणार. यात नवल नाही.

तरीही मी सार्वजनिक पैशाच्या बाजूनं आहे. का, ते सांगण्यासाठी एका निकालाकडे जावं लागेल. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं बंगाल क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात निर्णय दिला. वाद होता १९९३ च्या हीरो कपचं प्रक्षेपण करायचा हक्क कुणाचा, आणि निघाला मात्र फार मोठ्या गोष्टीचा निवाडा. तीन न्यायमूर्तींच्या त्या पीठावर आपले पी. बी. सावंत होते, आणि मुख्य निकाल त्यांनी लिहिला. प्रसारणाच्या हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी व्हावा आणि त्यांचं नियमन एका स्वतंत्र सार्वजनिक संस्थेनं करावं, असं न्यायालयानं म्हटलं. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात सरकारी मक्तेदारी आणि खासगी मक्तेदारी या दोन्हींचा धोका सांगितला. आपण त्यातलं पहिलं अर्ध उचललं, सरकारची मक्तेदारी गेली म्हणून आनंद केला. दुसरं अर्ध तिथेच पडून आहे.

आणि सार्वजनिक प्रसारकाच्या बाबतीत नागरिकाच्या हातात एक हत्यार असतं, जे खासगी वाहिनीपुढे चालत नाही. आनंद पटवर्धनांचे माहितीपट दूरदर्शननं पुन्हा पुन्हा नाकारले. ते न्यायालयात गेले, पुन्हा पुन्हा गेले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दूरदर्शनला त्यांचा माहितीपट दाखवायला सांगितलं. फाळणीवरच्या 'तमस' मालिकेवर १९८८ साली बंदीची मागणी झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती स्वतः पाहिली आणि दाखवायला परवानगी दिली. खासगी वाहिनीनं तुमचा माहितीपट नाकारला तर तुम्ही कुठे दाद मागणार? तिचा मालक म्हणेल, माझं दुकान आहे, मी काय विकायचं ते मी ठरवेन. कायद्यानं त्याचं बरोबरच आहे. सार्वजनिक वाहिनीला मात्र 'का नाही?' असं विचारता येतं आणि तिला उत्तर द्यावं लागतं. त्या उत्तरासाठी मी पैसे द्यायला तयार आहे.

अडचण पैशाची नाहीच, पैसा कुणाच्या हातातून येतो याची आहे. जगात यावर बरंच शिकण्यासारखं घडलं आहे. ग्रीसमध्ये ११ जून २०१३ ला सरकारनं काटकसरीच्या नावाखाली सार्वजनिक प्रसारक त्याच रात्री बंद केला, पडदे काळे झाले. अमेरिकेत १९६७ च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या सार्वजनिक प्रसारण महामंडळाचा १.१ अब्ज डॉलरचा निधी तिथल्या संसदेनं जुलै २०२५ मध्ये काढून घेतला, आणि ऑगस्टमध्ये महामंडळानं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. दर वर्षी किंवा दोन वर्षांनी राजकारण्यांपुढे झोळी पसरावी लागली की हे कधी ना कधी होतंच. ब्रिटनमध्ये घरटी परवाना शुल्क आहे, २०२५ साली ते वर्षाला १७४.५० पौंड होतं. पण ते किती असावं हे सरकार ठरवतं, आणि २०२२ साली ते दोन वर्षांसाठी गोठवलं गेलं. बीबीसीवर दबाव आणायची ती एक मूठ सरकारकडे शिल्लक आहेच.

मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती जर्मनीची रीत. नाझी काळात रेडिओ गोबेल्सच्या हातात गेला तर काय होतं हे त्यांनी भोगलं होतं, त्यामुळे युद्धानंतर त्यांनी सरकार आणि प्रसारक यांच्यात अंतर ठेवायचं हे तत्त्व घटनेच्या पातळीवर धरून ठेवलं. आज तिथे प्रत्येक घर महिन्याला १८.३६ युरो देतं, टीव्ही असो वा नसो. प्रसारकांना किती पैसा लागेल हे एक स्वतंत्र तज्ज्ञ आयोग तपासतो, आणि राज्यांना ते सहजासहजी नाकारता येत नाही. २०२० च्या अखेरीस सॅक्सनी-आनहाल्ट या एका राज्यानं वाढ अडवली, तेव्हा घटना न्यायालयानं २०२१ मध्ये ती लागू केली. त्याआधी २०१४ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं होतं की प्रसारकाच्या देखरेख मंडळात सरकारशी जोडलेली माणसं एक तृतीयांशाहून जास्त नकोत. तिथेही तक्रारी आहेत, खर्च फुगल्याच्या, कार्यक्रम म्हाताऱ्यांचे झाल्याच्या. पण मंत्री फोन करून बातमी बदलतो आणि पगार अडवतो, ही तक्रार तिथे मुख्य नाही.

हे महाराष्ट्राला परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. गावोगावच्या हजारो ग्रंथालयांना सरकारचं अनुदान मिळतं, पण कपाटात कोणती पुस्तकं ठेवायची हे मंत्री ठरवत नाही, गावातलं मंडळ ठरवतं. ती अनुदानं तुटपुंजी आहेत, उशिरा येतात, ग्रंथपालाला हातात पडतं ते सांगायला लाज वाटावी असं असतं. ते सुधारलंच पाहिजे. पण पैसा सरकारचा आणि निवड लोकांची, हे आपण पन्नासहून अधिक वर्षं करत आलो आहोत, आणि न वाचणारा माणूसही त्यासाठी कर भरतो. 'मी बघत नाही तर मी का भरू?' या प्रश्नाला माझं उत्तर त्या वाचनालयात आहे. मी एसटीनं वर्षात दोनदा जाते, तरी एसटी गावात पोहोचावी असं मला वाटतं.

पैसा किती लागेल? महिन्याला घरटी दहा रुपये धरा. तीनशे रुपयांच्या केबल बिलावर चोपन्न रुपये जीएसटी आजच कापला जातो. त्यातले दहा रुपये कायद्यानं वेगळे काढून थेट सार्वजनिक प्रसारण निधीत टाकले, तर नवा कर बसत नाही. अशी दहा कोटी घरं असतील तर वर्षाला बाराशे कोटी होतात. लोक टीव्हीकडून मोबाइलकडे चालले आहेत, हे मला दिसतं. मग मोबाइलच्या रिचार्जवरही जीएसटी आहेच, काही पैसे त्यातून घ्या. फ्री डिशवाल्या घरात महिन्याचं बिलच येत नाही, म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांना भारही नाही. तुलनेसाठी सांगते, केंद्रानं २०२३ च्या जानेवारीत आकाशवाणी-दूरदर्शनच्या यंत्रसामग्रीसाठी २,५३९ कोटींची योजना मंजूर केली, ती २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी. मनोरे आणि कॅमेरे घ्यायला पैसा आहे. त्या कॅमेऱ्यासमोर काय ठेवायचं हे ठरवणारी मोकळी माणसं ठेवायला नाही.

हा निधी मंत्रालयातून जाता कामा नये, माझा सगळा आग्रह तिथे आहे. रक्कम पाच वर्षांसाठी बांधलेली असावी, म्हणजे एका बातमीवरून पुढचा हप्ता थांबवता येणार नाही. बावीस खासदारांची ती समिती आधी बसवा, विरोधी पक्षांसह, आणि तिच्या बैठका उघड होऊ द्या. सार्वजनिक वाहिनीवर जाहिरात नको, खासगी कंपनीची नको आणि सरकारी योजनेची तर मुळीच नको. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला पुरता अर्धा तास मिळू दे. आणि निधीतला मोठा वाटा दूरदर्शनच्या ठिकठिकाणच्या केंद्रांकडे उतरला पाहिजे. दिल्लीत साठवलेला पैसा मुंबईत वरळीला, नागपूरला, पुण्याला, पणजीला पोहोचेपर्यंत त्याचं पाणी झालेलं असतं. पणजीचं उदाहरण मुद्दाम घेते. कोंकणी ही जाहिरातदाराच्या दृष्टीनं इतकी छोटी बाजारपेठ आहे की तिच्यात मोठी मालिका उभी राहणं अवघड. गोव्याचा प्रेक्षक मोजतानाच महाराष्ट्राच्या पिशवीत घातला जातो. मराठीनं स्वतःपुरती तक्रार करून थांबू नये. आपण हिंदीपुढे जे म्हणतो तेच कोंकणी आपल्यापुढे म्हणू शकते.

मोकळी झालेली सरकारी वाहिनी रटाळ होईल, असं मित्र म्हणतात. होईलही, काही तास. पण वरळीच्या केंद्रानं एके काळी तुटपुंज्या पैशात 'गजरा' केला, 'प्रतिभा आणि प्रतिमा' केला, शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं' चालवला. 'ज्ञानदीप' बघणाऱ्या लोकांनी गावोगाव मंडळं काढली. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक एकत्र येऊन काहीतरी करतात, हे आज कुठल्या वाहिनीला जमतं? विनायक चासकर, सुहासिनी मुळगावकर, आकाशानंद ही माणसं बाजारातून आली नव्हती आणि मंत्र्याकडूनही नाही. नाटकातून, साहित्यातून, शाळेतून आली होती. आणि हे केवळ जुन्या काळातलं नाही. २०२० च्या जुलैत शाळा बंद असताना एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका केली आणि ती दूरदर्शनच्या सह्याद्री या मराठी वाहिनीवर दाखवली गेली. ज्या घरात एकच साधा फोन होता आणि तो बापाबरोबर कामावर जात होता, त्या घरातल्या पोरांपर्यंत पोहोचायला दुसरी वाट कोणती होती? शाळा उघडल्या, आणि ती वाट पुन्हा गवतात गेली.

खासगी वाहिन्या बंद करा, असं मी कुठेच म्हणत नाही. त्या चालोत, जाहिराती दाखवोत, बारा मिनिटांचा नियम पाळून दाखवोत. त्यांना करता न येणाऱ्या गोष्टी करायला एक तरी वाहिनी अशी हवी, जिचं गिऱ्हाईक आपण असू.

आत्याच्या पत्र्यावर फ्री डिशची छत्री आहे. तिचा नातू ती दर पावसाळ्याआधी शिडी लावून सरळ करतो. त्या छत्रीतून आज दिवसभर सिनेमे येतात, गाणी येतात, इतर राज्यांतल्या भांडणांच्या बातम्या येतात. मला येत्या जुलैत त्या पडद्यावर एक माणूस बसलेला हवा आहे, साध्या शर्टातला, घाई नसलेला. तो सांगेल: राजाराम बंधारा, सकाळी सहा वाजता, अडतीस फूट आठ इंच. कोयनेचा विसर्ग इतका, अलमट्टीचा इतका. बंद झालेले पूल हे. आणि मग, घसा न बसवता, तो एकेका गावाचं नाव वाचत जाईल, शिरोळ तालुक्यातल्या अगदी शेवटच्या गावापर्यंत.